बेचाळीस मिनिटं थांबलेला धडा

२ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. सात महिने तोंड न दाखवलेल्या बहिणीनं एकदम एवढा वाकून नमस्कार घातला, तर हिचं काहीतरी काम अडलंय असं तुला वाटायचं. काम अडलेलं नाही. फक्त सल्ला हवा आहे.

फोन का केला नाही, विचारशील. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी रुसतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा मोठा फायदा.

गोगी बरी आहे. उंची वाढली आहे. वरचा सुळा हलायला लागला आहे (माझी नजर आधी तिथंच जाणार). वेग मात्र तोच. सकाळी एक मोजा घालून झाला की दुसऱ्या मोज्याआधी ती खिडकीशी जाऊन काहीतरी बघून येते. तिला गोगलगाय म्हणायला तिच्या बाबांनी सुरुवात केली आणि त्याचं गोगी तू केलंस, तेव्हा तक्रार करायला आपल्यापैकी कुणालाच जागा नाही.

आता मुद्दा. जुलैत तू तिला पुन्हा तिसरीतच बसवायचं ठरवलंस. मी तुझ्या ऑफिसात, तुझ्या सगळ्या शिक्षकांसमोर, बोलू नये ते बोलले आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या, म्हणजे तुझ्याच, टेबलावरून पोरीचं दप्तर उचलून चालती झाले. काय बोलले ते तुझ्या लक्षात आहे, माझ्याही आहे. इथे लिहीत नाही. शिक्षण कचेरीनं तेव्हा तिला घरी ठेवायला तात्पुरती सवलत दिली होती, ती आता संपत आली. सोळा मार्चपर्यंत फॉर्म भरून द्यायचा आहे. त्यावर तीन चौकोन आहेत: नेहमीची शाळा, ऑनलाइन शाळा, घरी शिक्षण. एकात खूण करायची, आणि ती केली की पुढची तीन वर्षं बदलता येत नाही.

पहिला चौकोन रिकामा राहणार हे तू धरूनच चाल. राहिले दोन. गोगीच्या बाबांना, आमच्या लिफ्टवाल्यांना, विचारलं, तर म्हणाले, "वर जायचं की खाली ते तू ठरव, दार उघडायला मी आहे." वीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करून माणसाचं हे असं होतं.

घरी मी तिला शिकवतेच आहे, आणि छान चाललं आहे. ऑनलाइन शाळा एक महिना चाचणीला देतात, तीही नऊ तारखेपासून करून बघणार. तुला तेवीस वर्षांचा अनुभव आहे. कुठला चौकोन, एवढंच सांग.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्र पोचलं. मूल दिवसभर काय करतं ते लिही. मग बघू.' एवढं लिहायला आठ दिवस लागले तुला! आणि वर गोगीला हळू म्हणतेस.

बरं, लिहिते. सकाळी नऊला ती माझ्याबरोबर खाली कारखान्यात येते. तू याला दातांचं दुकान म्हणतेस, पण दुकानात तयार माल असतो. माझ्याकडे डॉक्टरांकडून माणसाच्या तोंडाचा ठसा येतो, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, आणि आठवड्यानं त्या माणसाला हसता येतं. गोगीचं टेबल खिडकीखाली आहे. प्लास्टर आणि पाण्याचं प्रमाण आम्ही गणितात घेतो. जबड्याची हाडं विज्ञानात. भाषेला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतो. त्या वाचता आल्या तर जगातलं काहीही वाचता येईल.

मागच्या आठवड्यात एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी आली होती. त्यांची अट अशी, की पुढचा दात पूर्वीसारखाच वाकडा हवा, सरळ दातांत बायको ओळखणार नाही. दातांचा रंग मी नमुन्याच्या पट्टीवरून ठरवला, दोन मिनिटांत, नेहमीसारखा. गोगीनं त्यांचा जुना फोटो आणि पट्टी घेतली आणि खिडकीशी जाऊन बसली. पंचवीस मिनिटं, ताई. मी दोनदा हाक मारली. मग आली आणि म्हणाली, "आई, यांचे खालचे दात वरच्यांपेक्षा पिवळे आहेत. हे जेमतेम ओठ उघडून हसतात, म्हणून फोटोत पटकन कळत नाही." मी भिंग लावून पाहिलं. बरोबर होतं. खालची ओळ बदलली. काल न्यायाधीश स्वतः येऊन गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, की हे माझेच दात आहेत.

हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहे. तुझ्या शाळेत ती पंचवीस मिनिटं 'अपूर्ण' या शेऱ्यात गेली असती.

एखादा दिवस ती गप्प गप्प असते, पण ते सगळ्याच मुलांचं असतं.

काल ऑनलाइन शाळा सुरू झाली. धडे आधी चित्रित केलेले आहेत, भूगोलाच्या बाई फार गोड आहेत, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना मधेच थांबवायची सोय आहे. गोगीनं पहिल्याच धड्यात बाईंना तोंड उघडं असताना थांबवलं आणि त्यांचे दात मोजले. चौदा दिसले म्हणे.

तुझी,
धाकटी


१८ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

ऑनलाइनचा एक आठवडा झाला. मी नाक मुरडत होते हे कबूल करते, पण पोरगी खूश आहे. अकराच्या सुमाराला पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसते ती जेवायलाच उठते. हाक मारावी लागत नाही, ओरडावं लागत नाही. मी मागच्या खोलीत मोटर लावून कवळ्यांना पॉलिश करत बसते. पॉलिशची मोटर चालू असली की छप्पर कोसळलं तरी मला ऐकू येत नाही, तेव्हा तिच्यात मधे मधे करण्याचा प्रश्नच येत नाही. घरात एवढी शांतता कित्येक महिन्यांत नव्हती.

फक्त एक गोष्ट कळत नाही. दर शुक्रवारी शाळेकडून अहवाल येतो. किती धडे पाहिले, किती उत्तरं दिली, आणि खाली एक ओळ असते: 'विराम'. म्हणजे मुलानं धडा किती वेळ थांबवून ठेवला. बाकीच्या मुलांची सरासरी तीन मिनिटं. गोगीच्या सोमवारच्या भूगोलापुढे लिहिलंय, बेचाळीस! मंगळवारी अडतीस. गुरुवारी पुन्हा बेचाळीस. वीस मिनिटांचा धडा, त्यात बेचाळीस मिनिटं बाई तोंड उघडं ठेवून थांबलेल्या. मी तिला विचारलं, एवढा वेळ काय करतेस? म्हणाली, "विचार." उत्तरं मात्र सगळी बरोबर आहेत. तुझ्या पाहण्यात असं मूल आलंय का कधी? काळजी करू की पेढा... नाही, तू गोड खात नाहीस. काळजी करू की नको, ते सांग.

आणखी एक ताप म्हणजे कारखान्याचा फोन बिघडलाय. दातांच्या डॉक्टरीणबाई परवा चिडून स्वतः आल्या. "अकरा ते बारा तुमचा फोन कायम एंगेज! माझ्या पेशंटनं काय हिरड्यांनी जेवायचं?" मी फोन दुरुस्तीवाल्याला बोलावला. त्यानं वायर तपासली, डबी उघडली, फुंकर मारली आणि म्हणाला, लाइन ठणठणीत आहे. आता कारखान्यात मी आणि पोर, दोघीच. मी मोटरवर, ती धड्यात. फोन काय आपोआप बोलतो? दुरुस्तीवाला गेल्यावर लिफ्टवाल्यांनी पुन्हा सगळं उघडून पाहिलं, आणि आता एक स्क्रू जास्तीचा उरला आहे.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझं कार्ड तीनदा वाचलं. 'काही मुलांना उत्तर सापडायला वेळ लागतो. विरामाच्या ओळीकडे बघू नकोस.'

हे तू लिहितेस? तू? जिच्या शाळेत घंटेला मिनिटाचाही उशीर झाला की शिपायाला बोलणी बसतात? जुलैत हे वाक्य कुठं होतं? मी खरंच चिडले होते. चिडून दोन कवळ्या इतक्या घासल्या की त्या पुन्हा कराव्या लागल्या. मग राग ओसरल्यावर वाटलं, वाक्य तर बरोबरच आहे. ते तुझ्याकडून यावं याची सवय नाही, एवढंच.

आज तुला दोन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली. घरी छान चाललंय असं मी लिहिलं, ते अर्धंच खरं होतं. ऑनलाइन सुरू व्हायच्या आधी जानेवारीत एक दिवस गोगी पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "आई, तू सांगतेस ते बरोबर असतं. पण ते माझं व्हायच्या आधीच येतं." मला कळेना. मग ध्यानात आलं, की मी तिला एकही उत्तर पूर्ण करू देत नाही. ती 'सात गुणिले...' म्हणते आणि छप्पन्न माझ्याच तोंडातून बाहेर पडतं. दात चुकीच्या कोनात बसत असला तर मी तो मेण गरम असतानाच सरळ करते, थंड होईपर्यंत थांबत नाही. पंचवीस वर्षांची हाताची सवय. ती माझ्या तोंडालाही लागली आहे. तुझ्या शाळेला घंटा आहे म्हणून मी तिला बाहेर काढलं, आणि घरी तिच्यासमोर मी बसले. गरीब पोर कुठं जाणार?

दुसरी. ऑनलाइनची ही थांबवायची सोय फक्त चाचणीच्या महिन्यापुरती आहे. पुढे कायम प्रवेश घेतला की धडे थेट होतात. काल त्याचा नमुना दाखवला. पडद्यावर चाळीस मुलांचे चेहरे, कोपऱ्यात घड्याळ, प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद. गोगी लिहीत होती. तिचं अर्धं लिहून होतंय तोच प्रश्न पुसला गेला आणि पुढचा आला. ती रडली नाही, काही नाही. तिनं मला हाक मारून सांगितलं, "आई, प्रश्न गेला. मी येईपर्यंत थांबला नाही."

मग तिनं लॅपटॉप हळूच मिटला आणि माझ्याजवळ येऊन प्लास्टर कालवायला लागली. मी काही बोलले नाही. निदान तेवढं जमलं.

तर आता सांग, कुठला चौकोन?

तुझी,
धाकटी


३ मार्च, मंगळवार

ताई,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे, प्रश्न सोपा नाही. पण आणखी एक गोष्ट मी लपवली आहे, आणि ती न सांगता तुझ्याकडून सल्ला घेत राहणं म्हणजे तुला फसवणं आहे.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, काम अडलेलं नाही. अडलेलं आहे. 'घरी शिक्षण' या चौकोनात खूण केली तर फॉर्मचं दुसरं पान भरावं लागतं. त्यावर मुलाला वर्षभर तरी शिकवलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची सही लागते, शाळेचा शिक्का लागतो, आणि एक रकाना असतो: 'नेहमीची शाळा या मुलाला योग्य का नाही, याचं कारण.' गोगी फक्त तुझ्या शाळेत शिकली. म्हणजे सही तुझी.

पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा डोक्यात हेच होतं. दोन-तीन गोड पत्रं लिहायची, तू विरघळलीस की पान पुढे करायचं. सल्ला वगैरे निमित्त होतं. पण तुला लिहायला लागल्यावर ते निमित्त राहिलं नाही. आता कार्डाची वाट बघते मी, पोस्टमन वळला की मोटर बंद करून दाराशी येते.

म्हणूनच आता ती सही मी मागणार नाही. त्या रकान्यात तू काय लिहिणार? मूल मंद आहे, असं लिहिलंस तर मी तुला माफ करणार नाही. शाळा कमी पडली, असं लिहिलंस तर तुझ्या शिक्क्यानिशी ते कचेरीत कायमचं राहील, आणि तुला निवृत्तीला चार वर्षं असताना कुणीतरी ते उघडून तुझ्यासमोर धरील. दोन्ही मला नको.

ऑनलाइनच्या चौकोनात खूण केली आहे. पेन्सिलीनं, पण केली आहे. तीस सेकंदांची सवय होईल तिला. माणसाला नव्या दातांचीही होते, पहिले काही दिवस हिरड्या दुखतात.

तुझी,
धाकटी


७ मार्च, शनिवार

ताई,

काय म्हणू तुला? लबाड म्हणू?

काल अकराला पॉलिशच्या मोटरचा पट्टा तुटला. नवा पट्टा पुढच्या खोलीतल्या कपाटात असतो, म्हणून उठले. मोटर बंद म्हणजे कारखाना एकदम मुका. दाराशी आले तर लॅपटॉपवर भूगोलाच्या बाई तोंड उघडं ठेवून थांबलेल्या, गोगी स्टुलावर मांडी घालून, आणि कारखान्याचा फोन तिच्यासमोर, स्पीकर चालू. आणि त्यातून तुझा आवाज, "सावकाश. मी आहे."

मी उंबऱ्यातच थांबले. हातात कुणाची तरी वरची ओळ होती. प्रश्न काय होता ते मला नंतर कळलं: नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी गोड की खारट. गोगी छताकडे बघत होती. उत्तर माझ्या जिभेवर आलं, ते मी दातांखाली धरून ठेवलं, स्वतःच्या. प्लास्टरसाठी भिंतीवर घड्याळ आहे. त्यावर एक मिनिट गेलं. दोन गेली. तू काही बोलली नाहीस. फोनमधून तुझी खुर्ची करकरलेली ऐकू आली, कुणीतरी दार ठोठावलं, तू 'नंतर' म्हणालीस. तिसरं मिनिट. मग तुझ्याकडे घंटा झाली. मधली सुट्टी संपल्याची ती लांबलचक घंटा, मला पाठ आहे ती. ताई, तुझ्या शाळेची घंटा झाली आणि तू उठली नाहीस.

चौथ्या मिनिटाला गोगी म्हणाली, "मावशी, भरतीला खारट, ओहोटीला गोड. आणि मधल्या वेळात ते ठरवत असणार."

तू म्हणालीस, "हं. पुढचा?" शाबास म्हणायला आजही तुझ्या जिवावर येतं!

तू फोन ठेवल्यावर मी गोगीला समोर बसवलं. कधीपासून? तर ऑनलाइनच्या पहिल्या दिवसापासून. बाईंना थांबवलं, पण थांबलेल्या बाई काही बोलेनात, म्हणून तुझा नंबर फिरवला. तुझा नंबर तिला पाठ करून दिला कुणी, तर मीच, ती चार वर्षांची असताना, हरवलीच कुठं तर म्हणून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "मावशी रोज म्हणते आईला सांग. मी म्हटलं सांगेन, पण मला वेळ लागेल."

तिच्या बाबांना हे सांगितलं तर ते जिन्यात बसून हसले. जास्तीचा स्क्रू आणून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हा आता ताईंना पाठव."

बेचाळीस मिनिटं. मी तुलाच विचारत होते, पोर एवढा वेळ काय करते म्हणून! आणि तू कार्डावर लिहितेस, त्या ओळीकडे बघू नकोस.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. जुलैत मी तुझ्या सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "तुला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं." सगळ्यांसमोर. मूल व्हावं म्हणून तू किती दवाखाने केलेस ते मला माहीत होतं, त्यातल्या निम्म्यांत बाहेरच्या बाकावर तुझी पर्स धरून मीच बसले होते. रागात निघून गेलं असं म्हणणार नाही. तुला कुठं लागेल ते मला माहीत होतं आणि मी तिथंच मारलं. मला माफ कर. नाही केलंस तरी समजून घेईन, पण मागितल्याशिवाय राहवत नाही.

आणि त्यानंतर त्याच बाईच्या पोरीसाठी तू रोज ऑफिसचं दार लावून घेतेस.

सही मात्र मागत नाही. उलट आता तर नाहीच.

तुझी,
धाकटी


१६ मार्च, सोमवार

ताई,

शुक्रवारी तुझं पाकीट आलं. आत पत्र नाही, कार्ड नाही. नुसतं फॉर्मचं दुसरं पान, कचेरीतून तूच मागवलेलं. सही, शिक्का, आणि त्या रकान्यात तुझ्या गोल अक्षरात दोन ओळी: 'या मुलीला विचार करायला वेळ लागतो. आमच्या शाळेने तिला तो दिला नाही.'

मी ते पान घेऊन प्लास्टरच्या पोत्यावर बसून राहिले. दोन दिवस ते कपाटात होतं. आता मी वेळ घेत होते आणि घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, हे द्यायचं नाही, तिला निवृत्तीपर्यंत सुखानं राहू दे. लिफ्टवाले सहसा अशात पडत नाहीत. या वेळी पडले. "ताईंनी विचार करून लिहिलंय. ते तू दाबून ठेवलंस तर आपण काय लिहितोय ते त्यांना कळत नव्हतं, असं होईल." गोगीला विचारलं. तिला शनिवारी सकाळी विचारलं, रविवारी संध्याकाळी उत्तर आलं. "ऑनलाइनच्या बाई मला आवडतात, पण त्या आता थांबणार नाहीत. मला दात आणि मावशी पाहिजे." मग माझ्याकडे बघून, बऱ्याच वेळानं, "आणि तू. पण गप्प."

पहिल्या पानावर 'शिकवणाऱ्या व्यक्ती' अशी ओळ आहे. तिथं मी फक्त माझं लिहिलं होतं, त्याच्या वर तुझं लिहिलं. पेन्सिलीची खूण पुसली आणि तिसऱ्या चौकोनात शाईनं केली.

आज तीनला कचेरीत गेले. गोगी बरोबर होती. आमच्या मागे पंधरा-वीस माणसं. खिडकीतल्या कारकुनानं पहिलं पान सरकवलं, दुसरं वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, त्यामुळे अख्ख्या रांगेनं ऐकलं. मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "बाई, हे मुख्याध्यापिकांनी लिहिलंय? स्वतःच्याच शाळेबद्दल? शिक्का मारून?"

मी म्हटलं, "हो."

"चुकून लिहिलं असणार हो. असं कुणी लिहून देत नाही. वरून चौकशी आली तर त्यांनाच जाब विचारतील. कोरं पान देतो, बदलून आणा. पाच वाजेपर्यंत खिडकी उघडी आहे."

त्यानं कोरं पान पुढे सरकवलंसुद्धा. ताई, खोटं बोलत नाही, माझा हात त्याच्यावर गेला होता. तुला वाचवायची एवढी सोपी संधी पुन्हा मिळणार नव्हती. मी तिथं उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, आटपा बाई. मी आटपलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, गोगी शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि तिनं हूं की चूं केलं नाही. मग मी कोरं पान परत सरकवलं.

"चुकून नाही," मी म्हटलं. "आणि चौकशी आली तर मलाही बोलवा. त्या दिवशी मी तिथं होते. माझंही चुकलेलं आहे, तेही लिहून देईन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तुझ्या सहीकडे पाहिलं. "या मुख्याध्यापिका तुमच्या कोण?"

पत्रात 'ताई' लिहिते ते वेगळं. जुलैपासून कुणी विचारलं की मी 'त्या शाळेतल्या बाई' म्हणायचे. डॉक्टरीणबाईंना तेच, पोस्टमनला तेच.

"माझी ताई," मी म्हटलं. आणि एवढ्या जोरात म्हटलं की रांगेतल्या शेवटच्या माणसानंही मान वर करून पाहिलं.

त्यानं शिक्का मारला.

तुझी,
धाकटी